उरलेले चार सेकंद

मुलीच्या स्विमिंग क्लासला पालकांसाठी जी बाकं ठेवली आहेत, ती ज्याने बनवली त्याला एकदा त्यांच्यावर पाऊण तास बसवायला हवं. पाठ टेकायला काही नाही. अंगात विंटर जॅकेट, मांडीवर मुलीचं जॅकेट, त्यावर दोन टोप्या, चार मोजे, आणि हातात तिचे ओले बूट, कारण बूट घालून आत यायचं नाही आणि बाहेर ठेवले तर कोणाचे कोण घालून जातं. बाहेर उणे अठरा, आत दमट उकाडा. चष्म्यावर वाफ धरते आणि तो पुसेपर्यंत पाण्यातली आपली मुलगी कुठली ते कळत नाही, कारण सगळ्यांच्या टोप्या निळ्या. मी दर शनिवारी तिथे चिडून बसते.

समोरच्या भिंतीवर नियमांची पाटी आहे. पळू नका. उथळ भागात सूर मारू नका. काही खाऊ नका. आणि चौथी ओळ लाल अक्षरांत: पाण्याखाली जास्त वेळ श्वास रोखून धरू नका.

ह्याच पाटीखाली मी साडेतीन वर्षं, दर रविवारी सकाळी, एका बाईला जास्तीत जास्त वेळ श्वास रोखून धरायला मदत केली. रीतसर परवानगीने. पाटी लावणारे तेच आणि आमच्या क्लबला सकाळी साडेसहा ते आठची वेळ देणारेही तेच. ह्या विसंगतीवर मी तेव्हाही कुणाकुणाशी भांडले होते. आता भांडायला इथे ओळखीचं कोणी उरलेलं नाही. लाईफगार्डच्या खुर्चीवर बसलेला मुलगा त्या वेळी बालवाडीत असेल.

वास मात्र तोच आहे. क्लोरीन, ओलं रबर, लॉकर रूममध्ये कुणीतरी विसरलेला टॉवेल आणि फरशी पुसायच्या औषधाचा लिंबाचा खोटा वास. त्यात फक्त फोडणीचा वास कमी आहे. मेश्रामताईंच्या केसांना तो कायम असायचा, आणि पोहण्याची टोपी काढली की क्लोरीनच्या वर तोच यायचा.

कोविडच्या आधीची ती वर्षं. मी कॉलेजसाठी हॅमिल्टनला आले होते आणि मेश्रामताईंच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचे. ताई शेहेचाळीस वर्षांच्या, मूळच्या भंडारा जिल्ह्यातल्या, इथे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला. त्यांचे मिस्टर, म्हणजे भाऊजी, एका इन्शुरन्स कंपनीत होते, त्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्टीत अपघात दिसायचा. जिन्यात पडलेला मोजा उचलतानासुद्धा ते तो साक्षीपुराव्यासारखा उचलायचे.

मी शुक्रवारी आणि शनिवारी टोरोंटोजवळ वॉनच्या एका वेअरहाऊसमध्ये शिफ्ट करायची. चौघी मिळून एका पंजाबी मुलीच्या गाडीतून जायचो, हिंदीत गप्पा मारत जायचो आणि येताना तोंडातून शब्द फुटायचा नाही. रविवारची सकाळ ही आठवड्यातली झोपायची एकमेव सकाळ. बेसमेंटमध्ये राहायला आल्याच्या दुसऱ्याच रविवारी, खिडकीबाहेर अजून अंधार असताना, ताई जिना उतरून आल्या. हातात स्टॉपवॉच.

"तुला घड्याळ पाहता येते ना?"

मी अर्धवट झोपेत म्हटलं, "येतं की."

"मग चल. ते एकटीला करू देत नाहीत. सोबत माणूस लागते."

त्यांच्या फ्रीडायव्हिंग क्लबात सात जण होते. सिलिंडर न लावता, एका श्वासात पाण्याखाली जायचं, हा त्यांचा खेळ. पहिला नियम असा की एक पाण्यात असेल तर दुसऱ्याने वरून बघायचं. सात जणांच्या जोड्या लावल्या की एक उरतो, आणि दर वेळी ताई उरायच्या. आठवा माणूस म्हणून त्यांना मी सापडले. मला पोहता येत नव्हतं. मी लातूरची, आमच्याकडे नळाला दहा-बारा दिवसांनी पाणी यायचं. बुडायला पाणी लागतं हे मला पुस्तकातून माहीत. हे मी गाडीत बसल्यावर सांगितलं. ताई म्हणाल्या, "आता सांगून राहिली? बस. शिकशील."

गाडी गरम व्हायला दहा मिनिटं. त्याआधी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायला वीस. भाऊजी वरच्या खिडकीतून ड्रेसिंग गाऊनमध्ये बघत उभे राहायचे आणि खाली येऊन फावडं कधी हातात घ्यायचे नाहीत. फक्त एकदा खिडकी उघडून म्हणाले, "श्वास घरीच थांबव ना! इथे काय कमी हवा आहे?"

पूलवर ग्रेग असायचा. स्टील कंपनीतून रिटायर झालेला वेल्डर, सहा फूट तीन इंच, बोलायचा तेवढं की मोजता यावं. त्यानेच हा क्लब काढला होता. शहरात असला क्लब आधी कधी नव्हता, त्यामुळे कुणालाच काही माहीत नव्हतं आणि प्रत्येकाला फॉर्म हवा होता. पूलला फॉर्म, इन्शुरन्सला फॉर्म, डॉक्टरचं पत्र. ताईंच्या फॅमिली डॉक्टरने ते पत्र द्यायला तीन वेळा नकार दिला. "मी लोकांना श्वास घ्यायला सांगतो," तो म्हणाला, "न घ्यायला फिट आहे हे कसं लिहू?" चौथ्या वेळी ताईंनी त्याच्या समोरच नाक धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. त्याने घाबरून सही केली.

ग्रेगने मला सहा महिन्यांत पोहायला शिकवलं. न बोलता. तो पुढे पोहायचा, मी मागे हातपाय मारायची, आणि मी गटांगळी खाल्ली की तो फक्त अंगठा वर करायचा. पाण्यात उभं राहायला येत नसताना वर केलेला अंगठा बघून किती संताप येतो ते अनुभवल्याशिवाय कळणार नाही.

पण पाण्याखालची शांतता मला तिथेच कळली. कान बुडले की पूलच्या मोटरची घरघर छातीत ऐकू यायची. वरच्या दिव्यांचे पट्टे तळावर हलायचे. ताई पालथ्या पडून तरंगायच्या, हात सैल, पाठ पाण्याच्या वर, काळ्या वेटसूटवर थेंब. दोन मिनिटं. तीन. मी त्यांच्या खांद्याला हलकेच टिचकी मारायची, त्या एक बोट उचलायच्या. म्हणजे ठीक आहे. साडेतीन मिनिटांनंतर त्यांचं पोट आतून धक्के द्यायला लागायचं, आणि मला वाटायचं आता ओढून काढावं. दर वेळी वाटायचं. दर वेळी बोट वर यायचं.

आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी नवा लाईफगार्ड यायचा. त्याला कोणी काही सांगितलेलं नसायचं. तो पाटी वाचायचा, पाण्यात पालथी पडलेली पन्नाशीकडे झुकलेली बाई बघायचा, आणि शिट्टी वाजवून कपड्यांसकट उडी मारायचा. एकदा ताईंची चार मिनिटं होत आली होती, आजवरची सगळ्यात चांगली वेळ, आणि एका सतरा वर्षांच्या मुलीने त्यांना हनुवटीला धरून काठापर्यंत ओढत नेलं. ताई काठाला धरून खोकत होत्या आणि ती मुलगी रडत होती. "यू वेअर नॉट मूव्हिंग!" ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

"न हलणंच तर शिकून राहिली बाई मी!" ताई तिच्यावर मराठीत ओरडल्या. मग तिलाच टॉवेल दिला.

घर त्या काळात राहण्यासारखं नव्हतं. ताई वरण लावायच्या आणि कुकरच्या पहिल्या शिट्टीला श्वास धरायच्या, तिसरीला सोडायच्या. मध्ये कोणी काही विचारलं की हाताने थांब म्हणून खूण. फोन वाजत राहायचा, बेल वाजत राहायची. संध्याकाळी त्या रस्त्यावर श्वास रोखून चालायच्या, एका श्वासात किती घरं मागे पडतात ते बघत, आणि मी मागून घड्याळ घेऊन. शेजारचे म्हातारे गृहस्थ बर्फ काढता काढता रोज हात करून "गुड इव्हनिंग" म्हणायचे. ताई उत्तर द्यायच्या नाहीत, देऊ शकायच्या नाहीत. सबंध हिवाळा त्या माणसाला वाटलं की आपलं काहीतरी चुकलंय. शेवटी त्याने केक आणून दिला.

मानेत घालायचं वजनही घरीच तयार केलं. पाण्यात शरीर वर येऊ नये म्हणून मानेभोवती वजन घालतात. विकत मिळायचं नाही, म्हणून ग्रेगने युक्ती सांगितली: सायकलची ट्यूब कापायची, आत शिशाचे छर्रे भरायचे, वर टेप गुंडाळायची. ट्यूब भाऊजींच्या सायकलची निघाली. हे त्यांना मे महिन्यात कळलं, सायकल गॅरेजमधून काढल्यावर. त्यांनी बाथरूममध्ये वाळत घातलेलं ते काळं वेटोळं उचललं आणि म्हणाले, "हिला मी तीस वर्षं ओळखतो असं समजत होतो."

ताईंना हा नाद लागला कसा, हे मी एकदाच विचारलं. पार्किंग लॉटमध्ये गाडी गरम होत होती. त्यांच्या गावच्या तलावात शिंगाड्याचे वेल असायचे. वेलींखाली पाणी हिरवं, गार, आणि पायाला चिखल मऊ लागायचा. त्यांचे वडील शाळामास्तर. ते लहान होते तेव्हा त्यांना त्या घाटावर पाय ठेवू देत नसत. मुलगी सात वर्षांची झाल्यावर त्यांनी तिला त्याच घाटावर नेलं, बाजाराच्या दिवशी, सगळं गाव बघत असताना, आणि पोहायला शिकवलं.

"मी बुडी मारली की बाबा वर उभे राहून बोटांवर मोजत," ताई म्हणाल्या. "मी वर आली की आकडा मोठ्याने सांगत. मला नाही, घाटावरच्या लोकांना." मग त्यांनी काचेवरचं धुकं हाताने पुसलं आणि म्हणाल्या, "तुझा सीटबेल्ट लाव."

इथल्या आपल्या लोकांना हे समजावणं आणखी कठीण. आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमाला ताई पूलवरून थेट आल्या, केस ओले, गालावर पोहायच्या चष्म्याच्या रबराचे वळ. कम्युनिटी हॉलमध्ये खिरीचा आणि स्टीलच्या भांड्यांचा वास, मागच्या रांगेत मुलं आपापसात इंग्रजीत भांडत होती. सूत्रसंचालकाने माईकवर सांगितलं, "आपल्या मेश्रामताई पाण्याखाली बसण्याच्या स्पर्धेत भाग घेणार आहेत." टाळ्या पडल्या. एका बाईंनी विचारलं, "मासे चावत नाहीत का हो?" दुसऱ्या म्हणाल्या, "ह्या वयात?" एक काका मात्र उठून जवळ आले, ताईंना जयभीम केला आणि फक्त एवढंच विचारलं, "सोबत कोण असतं?" ताईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. काकांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

स्पर्धा ग्रेगनेच ठरवली होती. आमच्याच पूलवर, आमच्या शहरातली पहिली. मॉन्ट्रियलहून जज येणार, टोरोंटोहून चार जण, किंग्स्टनहून दोन. सगळे मिळून चौदा स्पर्धक. एवढ्या मोठ्या देशात हा खेळ खेळणारी माणसं तेव्हा एका लग्नाच्या बसमध्ये मावली असती, आणि तरी त्यांच्यात दोन गट होते, जे नियमांवरून ईमेलवर भांडायचे.

ताई उतरणार होत्या ती स्पर्धा पाण्याखालून पोहत जायची होती. पायात काही न लावता, एका श्वासात. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पंचवीस मीटर, ती एक लेंथ. सरावात ताईंच्या साडेतीन व्हायच्या. त्यांना चार हव्या होत्या. मी त्यांची कोच, म्हणजे काठावर उभं राहून ओरडणारी.

खरी कटकट होती पाण्याबाहेर आल्यावरची. वर आल्यापासून पंधरा सेकंदांत चष्मा आणि नाकाची क्लिप काढायची, मग अंगठा आणि बोट जोडून खूण करायची, मग "आय ॲम ओके" म्हणायचं. ह्याच क्रमाने. आणि तोवर कोणीही स्पर्धकाला हात लावायचा नाही. लावला की बाद. माणूस शुद्धीवर आहे आणि स्वतःच्या बळावर आहे, हे त्यावरून ठरतं. नियम सोपा आहे, आणि ताईंना तो येत नव्हता. त्या आधी "हो हो, ठीक आहे" म्हणायच्या आणि मग चष्मा काढायच्या. मी त्यांच्याकडून तो पन्नासदा, शंभरदा करून घेतला. सिंकपाशी, गाडीत, ग्रोसरीच्या रांगेत. कुकरची तिसरी शिट्टी झाली की चष्मा, खूण, आय ॲम ओके. भाऊजींनी जेवायला हाक मारली तरी आतून आवाज यायचा, "आय ॲम ओके!" मला झोपेत ऐकू यायचं.

स्पर्धेच्या दिवशी बाहेर बर्फाचं वादळ. जजबाईंचं नाव सोलांज. बारीक, पांढरे केस, गळ्यात दोन घड्याळं. त्यांची गाडी वाटेत अडकली आणि सगळं दोन तास पुढे गेलं. ताई दोन तास वेटसूट घालून बसून राहिल्या. त्यांनी काही खाल्लेलं नव्हतं. भाऊजी आले होते, सूट-टाय घालून, का ते देव जाणे. ते बाकाच्या टोकावर बसले आणि त्यांनी खिशातून रुमाल काढून हातात धरला.

ताई पाण्यात उतरल्या. मागे वळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. शेवटचा श्वास घेताना तोंडातून जो शीळ घातल्यासारखा आवाज येतो तो आला, आणि त्या खाली गेल्या.

पहिली लेंथ. काळी आकृती तळालगत, हात पुढे, मग दोन्ही बाजूंनी मागे, मग नुसतंच घसरत जाणं. दुसरी. मी काठाने बरोबर चालत होते. ओल्या फरशीवर माझ्या चपलांचा चपचप आवाज. तिसऱ्या भिंतीला त्यांनी पाय लावला आणि वळल्या, आणि मला कळलं की त्या वर येणार नाहीत, चौथी करणार. हातांचा वेग वाढला. हे बरं लक्षण नसतं. मी पळतच शेवटच्या भिंतीपाशी पोचले आणि गुडघ्यांवर बसले.

त्यांनी भिंतीला हात लावला. वर आल्या. काठ धरला. चार लेंथ.

"श्वास, ताई! श्वास घ्या! चष्मा!"

त्यांनी श्वास घेतला. एक हात वर गेला, चष्मा निघाला, क्लिप निघाली. मग थांबल्या. ओठ निळे होते, जांभळ्याकडे झुकलेले. डोळे माझ्याकडेच उघडे होते आणि त्यांत मी नव्हते. सोलांज वरून घड्याळाकडे बघत होती. "ताई, खूण!" मी ओरडले. बोटं जुळली, अगदी सावकाश. तोंड उघडलं. शब्द आला नाही. काठावरचा हात थोडा सरकला. थोडाच. कदाचित तो पकड बदलत होता. ते मी कसं सांगू?

मी त्यांचं मनगट धरलं. दोन्ही हातांनी, ओढून.

त्याच क्षणी, किंवा लगेच नंतर, ताई म्हणाल्या, "आय ॲम ओके."

सोलांजने लाल कार्ड वर केलं. मग खाली वाकून, अगदी सौम्यपणे, मला म्हणाली, "कात्र सेकाँद." चार सेकंद उरले होते.

परत येताना गाडी ताईच चालवत होत्या. भाऊजी मागे, रुमाल अजून हातात. वायपर काचेवर बर्फ ढकलत होते.

"मी ठीक होती," ताई म्हणाल्या.

"तुमचे ओठ निळे होते."

"थंडीने होते."

"पाणी गरम होतं, ताई."

"शब्द तोंडात होता माझ्या. तोंडात होता. शंभर वेळा तूच म्हणून घेतला ना? मग एक वेळ थांबायला काय झालं तुला?"

भाऊजी मागून म्हणाले, "ती वाचली." ताईंनी आरशात त्यांच्याकडे असं पाहिलं की ते घर येईपर्यंत पुन्हा बोलले नाहीत.

नंतर त्या रागावल्या नाहीत, हेच वाईट होतं. रविवारी आम्ही जात राहिलो. मी टिचकी मारायची, त्या बोट उचलायच्या. पण आता बोट फार लवकर वर यायचं, टिचकीची वाट न बघता, जणू मला दूर ठेवण्यासाठी. चार लेंथ त्यांनी पुन्हा केल्या नाहीत. एकदाही प्रयत्न केला नाही. मी त्या चार सेकंदांचा विचार बसमध्ये केला, वेअरहाऊसमध्ये खोक्यांवर लेबलं चिकटवताना केला, परीक्षेत केला. थांबले असते तर ताईंचं नाव निकालाच्या यादीत आलं असतं, आणि ते भंडाऱ्यात त्यांच्या म्हाताऱ्या बाबांना फोनवर वाचून दाखवता आलं असतं. त्यांनी बोटांवर मोजून ते कुणाकुणाला सांगितलं असतं. तो फोन झाला नाही. पुढच्या वर्षी बाबा गेले.

त्यानंतर सगळं एकेक करून उसवलं. पूलने इन्शुरन्सचं कारण देऊन सकाळची वेळ काढून घेतली आणि ती पाण्यातल्या एरोबिक्सला दिली. ग्रेगच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ताईंना रेजिनाला सरकारी लॅबमध्ये मोठी जागा मिळाली आणि ते दोघं घर विकून गेले. जिथे समुद्र तीन दिवसांच्या वाटेवर आहे अशा गावी. मला पीआर म्हणजे कायम राहायचा परवाना मिळाला, नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. जयंतीला आणि दिवाळीला फोन व्हायचा. हवा, भाऊजींचं बीपी, माझ्या मुलीचे दात, सगळ्यावर बोलायचो. त्या दिवसावर कधी नाही.

गेल्या मंगळवारी संध्याकाळी मी पोळ्या करत होते आणि ताईंचा फोन आला. ना दिवाळी, ना जयंती. मला वाटलं भाऊजींचं काही.

"नाही ना बाप्पा, ते ठणठणीत आहेत. ऐकून राहिली ना?"

"ऐकतेय."

"मला ती शेवटची भिंत आठवत नाही."

मी तवा खाली उतरवला.

"तिसऱ्या भिंतीवरून वळली ते आठवते," ताई म्हणाल्या. "तळाची निळी रेघ आठवते. मग एकदम तुझी बोटं मनगटावर. मधलं काही नाही. वर कधी आली, चष्मा कधी काढला, काही नाही. शब्द तोंडात होता म्हणाली ना मी? काही नव्हतं तोंडात. तू ओढली तेव्हा मी जागी झाली."

"ताई, हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

"हाव."

"मग सांगितलं का नाही?"

"काहून सांगू? तुझ्या भाऊजींनी पाण्यात पाय ठेवू दिला असता? ग्रेगने दिला असता?"

"मला सांगायचं होतं! मला!"

"तुला सांगितलं असतं तर मग खरंच झालं असतं ना ते," ताई म्हणाल्या.

मग मी जी सुरू झाले ती थांबेना. इतकी वर्षं. इतकी वर्षं मी स्वतःला शिव्या घालतेय, बाबांच्या फोनवरून घालतेय, मुलीला पाण्यात सोडताना माझे हात आवळतात आणि ती चिडते, आणि तुम्ही दर दिवाळीला मला चकली कुरकुरीत कशी होते ते सांगत बसलात! मी त्यांना काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. मुलगी हॉलमधून आली. "आई, हू आर यू येलिंग ॲट?" मी तिला हाताने जा म्हटलं.

ताई ऐकत राहिल्या. मध्ये एकदा "हो" म्हणाल्या. एकदा नाक ओढल्याचा आवाज आला.

"झालं बोलून?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नाही."

"बरं. ते मग इकडे येऊन बोल. फेब्रुवारीत आमच्या क्लबची स्पर्धा आहे. मी नाव दिलं."

"ताई, तुम्ही पन्नाशी ओलांडलीय!"

"माहीत आहे मला. मीच ओलांडली ना? तू कोच म्हणून ये."

"तिथे दुसरं कोणी नाही का?"

"आहेत की. अकरा जण आहेत. चांगली पोरं आहेत, सगळ्यांना नियम पाठ आहेत," ताई म्हणाल्या. "मी मेली तरी पंधरा सेकंद हात लावणार नाहीत."

फेब्रुवारीत रेजिना. उणे पस्तीस, दोन विमानं, मधे विनिपेगला चार तास नुसतं बसून राहायचं, ऑफिसात क्वार्टर संपण्याची गडबड, मुलीला कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न वेगळाच. हे सगळं मी त्यांना एकेक करून सांगितलं. पोळी तव्यावर नव्हती तरी करपल्याचा वास येत होता. बघते तर हातातलं फडकं शेगडीला लागलं होतं. ते मी सिंकमध्ये टाकलं, नळ सोडला, आणि फोन खांद्याने कानाशी धरून दुसऱ्या हाताने लॅपटॉप उघडला.

"कोणत्या तारखेला?" मी विचारलं.